मुंबईत पहिलं भाड्याचं घर: आडनाव, डिपॉझिट आणि कागद

"फॅमिली आहे का? नोकरी कुठं? व्हेज का नॉनव्हेज? बरं, पूर्ण नाव सांगा." मुंबईत खोली शोधणाऱ्याला एजंटचा फोनवरचा हा क्रम आठवडाभरात पाठ होतो. भाड्याचा आकडा यानंतर येतो. काही जणांच्या बाबतीत तो येतच नाही.

मी २०११ साली लातूर जिल्ह्यातून आलो. आडनाव असं, की ऐकल्यावर समोरचा गाव विचारतो, मग तालुका, मग "म्हणजे तुम्ही..." म्हणून वाक्य अर्धं सोडतो. माझ्यासोबतच कारखान्यात लागलेला उदगीरचा मित्र मुसलमान. मला नकार मिळायला चार प्रश्न लागायचे, त्याला एकच. तेव्हापासून मी सात घरं बदलली आणि गावाकडून नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना खोल्या बघून दिल्या. दलाली कधी घेतली नाही, पण दलालांच्या खोड्या सगळ्या कळल्या. ज्यांना महिना वीस-तीस हजारांत भागवायचं आहे आणि ज्यांची गाडी नावापाशी अडते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

घरं नाहीत म्हणून अडतं, असं नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. त्याच जनगणनेत शहरातली ४१ टक्क्यांवर माणसं झोपडपट्टीत राहत होती. तुम्हाला नकार मिळाला तरी छप्पर कुठंतरी मिळतंच, हेही खरं. फक्त ते जिथं मिळतं तिथं करार नोंदवलेला नसतो, पैशाची पावती नसते, कधी कधी इमारतीलाच परवानगी नसते. भाडं कमी दिसतं आणि घर महाग पडतं. कसं, ते पुढे येईलच.

पहिलं काम: भाडं नव्हे, आत शिरायचा खर्च काढा

गावाकडचा माणूस विचारतो, "भाडं किती?" विचारायचं असतं, "चावी हातात येईपर्यंत किती?" एक उदाहरण घ्या. पगार २४,००० आणि उपनगराच्या टोकाला ८,००० भाड्याची वन आरके, म्हणजे एक खोली आणि एक किचन. डिपॉझिट ५०,००० सांगितलं. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं, ८,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, ८,०००. कराराचा खर्च वेगळा. एकूण ७०,००० च्या आसपास. म्हणजे आठ हजारांच्या खोलीत पाय ठेवायला तीन महिन्यांचा पगार लागतो, तोही न खाता.

गरिबाची गाडी भाड्यावर नाही, इथं अडते. महिन्याला आठ हजार देऊ शकणारी हजारो कुटुंबं पन्नास हजार एकरकमी देऊ शकत नाहीत. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढंच डिपॉझिट घ्यावं असं आहे, पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त राहायची परवानगी देणाऱ्या कराराच्या, डिपॉझिटला व्यवहारात मर्यादा नाही. मालक मागेल ते.

मग काय करायचं? आल्या आल्या स्वतंत्र खोली घेऊ नका. पहिले सहा-आठ महिने चार-पाच जणांत शेअरिंगमध्ये काढा, बायकामुलं गावी असू द्यात आणि विश्वासातल्या लोकांची भिशी लावा. माझं पहिलं डिपॉझिट भिशीतून उभं राहिलं. मुकादमाकडून उचल घेऊन डिपॉझिट भरू नका, कारण मग नोकरी बदलता येत नाही आणि घरही. दलाली अर्ध्या महिन्यावर येते, घासाघीस करा. अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार पुन्हा करताना एजंट परत पूर्ण दलाली मागतो. ती देण्याचं काही कारण नाही, हे पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवा.

"हेवी डिपॉझिट" नावाचा प्रकार भेटेल. चार-पाच लाख एकदम द्या, भाडं नाममात्र किंवा शून्य, घर सोडताना पैसे परत. गावची जमीन विकून आलेल्याला हे फार आवडतं. एकच घर तीन-चार जणांना हेवी डिपॉझिटवर देऊन मालक पसार, ही या भागातली नेहमीची फसवणूक आहे. घर बँकेकडे गहाण असेल आणि मालकाचे हप्ते थकले तर तुमचे पाच लाख कुणाकडे मागणार? माझं मत स्पष्ट आहे: नोंदणीकृत करार नसेल तर हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊ नका. असेल तरी दहादा विचार करा.

कुठं शोधायचं

मोबाइलवरच्या जाहिरातींत एकच घर दहा एजंटांनी टाकलेलं असतं आणि निम्मी घरं केव्हाच गेलेली असतात. दहा-बारा हजारांच्या आतल्या खोल्या अजूनही किराणावाल्याकडे, चहाच्या टपरीवर, इस्त्रीवाल्याकडे आणि जिन्याखाली चिकटवलेल्या कागदावर सापडतात. रविवारी सकाळी त्या भागात पायी फिरा. स्टेशनपासून रिक्षाचं शेअर भाडं किती, शेवटची रिक्षा किती वाजता, हे तिथंच विचारा. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास स्वस्त असतो, पण रिक्षाचे रोजचे येऊन-जाऊन साठ रुपये महिन्याला दीड हजाराच्या वर जातात. स्टेशनजवळची हजार रुपये महाग खोली बऱ्याचदा स्वस्त पडते.

आता अवघड प्रश्न: आपल्या लोकांच्या वस्तीत जायचं की मिसळून राहायचं? मुंब्र्याचं उदाहरण घ्या. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं तिकडे सरकली आणि बघता बघता खाडीकाठच्या त्या गावाचं दाटीचं शहर झालं. तिथं नाव विचारून कुणी फोन ठेवत नाही. डिपॉझिट कमी, ओळखीवर उधारी, अडीअडचणीला माणसं. घाटकोपरच्या रमाबाई नगरासारख्या दलित वस्तीत माझ्यासारख्याचंही तसंच. पण त्याची किंमत असते. पत्ता ऐकून बँकेचा माणूस "एरिया निगेटिव्हमध्ये आहे" म्हणतो, म्हणजे तिथं कर्ज नाही, मुलाखतीला गेलेल्या पोराला पत्त्यावरून जोखलं जातं, आणि एकदा तिथं घर केलं की बाहेर निघणं वर्षागणिक अवघड होतं.

मी दोन्हीकडे राहिलोय. नवीन आलेल्याला मी सांगतो, पहिलं वर्ष आपल्या ओळखीच्या वस्तीत काढा, कारण त्या वर्षात माणसं लागतात. पुढचं घर मुलांची शाळा बघून घ्या.

फोनवर नाव सांगायचं की नाही

यावर आमच्यात कायम वाद होतो. उदगीरचा मित्र काही दिवस फक्त पहिलं नाव सांगायचा, तेही असं की दोन्हीकडे चालून जाईल. घर बघून व्हायचं, मालकीण चहा द्यायची आणि आधार कार्ड बाहेर निघालं की "आमच्या मिस्टरांना विचारून कळवते" यायचं. असे तीन रविवार गेल्यावर त्याने पद्धत बदलली. पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव, गाव, कंपनी, घरात माणसं किती आणि "मटण शिजतं, चालेल का?" एवढं सगळं. दहापैकी सात फोन तिथंच संपायचे, पण उरलेले तीन खरे असायचे. रिक्षाचे पैसे वाचतात आणि अपमान निदान घरबसल्या होतो. मी याच मताचा आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांचंही म्हणणं मला समजतं: भेटल्यावर माणूस कधी कधी बदलतो.

हा फक्त आपल्या नशिबाचा भाग आहे असं वाटून घेऊ नका. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात नेमकी हीच तपासणी केली होती. तशीच नोकरी, तेवढीच ऐपत, फक्त नावं वेगळी ठेवून घरमालकांना विचारलं. २०१५ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात उच्चवर्णीय नावांना घर मिळत गेलं, दलित नावांना बराच नकार आला आणि मुस्लिम नावांना त्याहून जास्त. मराठी माणसालाही हे अगदीच अपरिचित नाही. २०२३ मध्ये मुलुंडच्या एका इमारतीत "मराठी लोकांना जागा देत नाही" असं सांगितल्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा राज्यभर संताप झाला. तो संताप योग्यच होता. तेच वाक्य मोहल्ल्यातल्या किंवा बौद्धवाड्यातल्या पोराला रोज ऐकावं लागतं, त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

नकार आला की एकच गोष्ट शोधून काढा: नकार मालकाचा आहे की सोसायटीचा? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

मालक स्वतः नको म्हणत असेल तर कायद्याच्या हातात फार काही नाही. राज्यघटनेचं कलम १५ धर्म-जातीवरून भेदभावाला बंदी करतं, पण ती मुख्यतः सरकारवर. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागा त्यात आहेत. खासगी घर नाही. मात्र अस्पृश्यता पाळून घर नाकारलं तर तो गुन्हा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात कुठल्याही वस्तीत राहती जागा बांधण्यास, मिळवण्यास किंवा तिथं राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेली आडकाठी शिक्षापात्र आहे. अडचण पुराव्याची. मालक कधीच "तुमच्या जातीमुळे" म्हणत नाही. तो "पुतण्या येणार आहे" म्हणतो. म्हणून आधी मेसेजवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

सोसायटी नको म्हणत असेल तर मात्र लढायला जागा आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, सभासदाने आपला फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची परवानगी घ्यायची नसते, आठ दिवस आधी कळवायचं असतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती जोडून. "एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) भाडेकरू नको" हा सेक्रेटरींचा शोध आहे. (सोसायटीने जुने उपविधी ठेवले असतील तर शब्द वेगळे असू शकतात, एक प्रत मागून वाचा.) मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्कही मनाला येईल ते नाही, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. मालक तुमच्या बाजूचा असेल तर त्याला सेक्रेटरीला एकच ओळ लिहायला सांगा: "आपला नकार कारणासह लेखी कळवावा." मी हे दोनदा करून पाहिलं. एकदा नकार विरघळला. दुसऱ्यांदा मालकच घाबरला आणि त्याने टोकन, म्हणजे घर अडवायला दिलेली आगाऊ रक्कम, परत केलं. सोसायटीशी त्याला जन्मभर राहायचं असतं, तुम्ही अकरा महिन्यांचे.

विकत घेणाऱ्याला सोसायटीने सभासदत्व नाकारलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे अपील करता येतं. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय बाहेर ठेवता येत नाही, असं कायदा सांगतो. पण याला एक मोठं भगदाड आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं, की सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा सोसायटीचा उपविधी चालू शकतो. एका समाजाच्या जुन्या सोसायट्या त्याच निकालाचा आधार दाखवतात. टोकन देण्याआधी सोसायटी अशा प्रकारची आहे का ते विचारून घ्या, नाहीतर पैसे अडकतात.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, महिला, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. अल्पसंख्याक ही या यादीत वेगळी वर्गवारी नाही. म्हणून मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबाने घरातल्या बाईच्या नावाने अर्ज केला की काम सोपं होतं. राज्य अल्पसंख्याक आयोगाकडेही लेखी तक्रार देता येते. मात्र तक्रारीला महिने लागतात. तोवर दुसरीकडे खोली घ्या, रस्त्यावर राहून लढता येत नाही.

घर बघताना

पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे मालकाला नाही, शेजारणीला विचारा. तळमजला असेल तर भिंतीवर पावसाच्या पाण्याची रेघ शोधा. नवीन रंग फक्त गुडघ्यापर्यंत दिला असेल तर ती रंगाखाली आहे. संडास सार्वजनिक असेल तर रात्री जाऊन बघा, बायकांसाठी वाटेत दिवा आहे का ते. लाइटचं बिल वीज कंपनीचं येतं की मालक पोटमीटर लावून स्वतःच्या दराने युनिट मोजतो, हेही विचारा. पोटमीटरच्या खोल्यांत भाड्यातले वाचलेले पाचशे रुपये पंख्यात जातात.

आता इमारत. नालासोपारा, दिवा, मुंब्रा, कळवा, कल्याण-डोंबिवलीच्या कडेला चार मजली नव्या कोऱ्या इमारती स्वस्तात दिसतील. त्यांतल्या कितींना परवानगी आहे, देव जाणे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ अशीच एक बेकायदा, वनजमिनीवर उभी राहत असलेली इमारत कोसळली आणि ७४ जण गेले. काम चालू असतानाच खालचे मजले माणसांनी भरले होते. कुणी भरले? ज्यांना दुसरीकडे डिपॉझिट परवडत नव्हतं त्यांनी.

मालमत्ता कराची पावती किंवा वीजमीटर दाखवून "सगळं लीगल आहे" म्हणतात. बेकायदा इमारतीलाही कर लागतो आणि मीटरही मिळतो. बघायचं ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरायची पालिकेची परवानगी, ज्याला सगळे ओसी म्हणतात. विकत घेणाऱ्याने महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाचा) नंबर बघूनही थांबू नये: कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यांतल्या लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती. परवानगीचं पत्र पालिकेच्या नगररचना विभागात नेऊन ताडून बघणं, एवढाच उपाय आहे. भाडेकरूला एवढं शक्य नसतं, पण पावसाळ्याआधी पालिका आणि म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. त्यात तुमचं नाव... म्हणजे इमारतीचं नाव आहे का, एवढं तरी बघा.

झोपडपट्टी पुनर्वसनातल्या एसआरए इमारतीत खोली स्वस्त मिळते. ज्याला ती फुकट मिळाली त्याला ठरावीक वर्षं विकायची किंवा भाड्याने द्यायची परवानगी नसते. तपासणी आली की तुमची तिथं राहण्याची बाजूच उरत नाही आणि मालक नोंदणीकृत करार करत नाही तो त्यामुळेच. हजारो लोक तरीही राहतात; तुम्ही राहिलात तर डिपॉझिट फार देऊ नका.

करार: इथं मात्र कंजूषपणा नको

"अकरा महिन्यांचाच करार का?" सगळे विचारतात. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला हलवणं जवळपास अशक्य झालं. त्याच काळात पागडी फोफावली, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यात कायमचं राहायची पद्धत. तेव्हाची धास्ती मालकांच्या मनात अजून आहे, म्हणून ते "भाडेकरू" हा शब्दच टाळतात आणि लिव्ह अँड लायसन्स करतात: राहायची परवानगी, हक्क नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असंही एजंट सांगतात. देशात इतरत्र ते खरं असेल. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीच नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला हे शेवटचं वाक्य सांगून बघा, नोंदणीला लगेच तयार होतो.

खर्च किती, ते आपल्या उदाहरणावर बघू. अकरा महिन्यांचं भाडं ८८,०००. डिपॉझिट ५०,००० वर १० टक्के व्याज धरून ५,०००. एकूण ९३,००० वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २५० च्या आत. नोंदणी फी पालिका हद्दीत १,०००, ऑनलाइन हाताळणीचे ३००. सरकारी खर्च सगळा मिळून १,५५० च्या आसपास. अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारा माणूस स्वतःचे हजार-दीड हजार वर लावतो, ते ठीक. पाच हजार सांगितले तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

सही करण्याआधी मालक खरंच मालक आहे का, ते बघा. त्याच्या खरेदीचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा निदान त्याच्याच नावाचं लाइट बिल. चाळीत बऱ्याचदा "मालक" हा स्वतःच पागडीचा भाडेकरू निघतो. करारात डिपॉझिटचा पूर्ण आकडा लिहून घ्या, अर्धा रोख आणि अर्धा कागदावर नको. रोख दिलेला अर्धा परत येत नाही. पैसे खात्यावर किंवा यूपीआयने द्या. डिपॉझिट चावी परत करताना त्याच दिवशी मिळेल, असं वाक्य घाला. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येणारा काळ, किती आणि नोटीस किती दिवसांची, तेही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम. आता ऑनलाइन होतं. मोहल्ल्यातल्या पोरांना या नावाखाली ठाण्यात तास-तास बसवलं जातं असं ऐकतो. ऑनलाइन भरल्याची पोच मोबाइलमध्ये ठेवा.

राहायला गेल्यावर भांडण झालं आणि मालकाने पाणी किंवा लाइट तोडली, तर तेही बेकायदा आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सोयी बंद करायला मनाई आहे. मात्र करार संपल्यावर हट्टाने बसून राहू नका. मुदतीनंतर दुप्पट दराने भरपाई मागायचा मालकाला हक्क आहे.

त्या कराराचा पुढचा उपयोग: म्हाडा

नोंदणीकृत कराराने आधारचा पत्ता बदलतो, त्यावर शिधापत्रिका, बँक, मुलांचा दाखला. ही साखळी म्हाडाच्या सोडतीपर्यंत जाते. सोडतीला अधिवास प्रमाणपत्र लागतं, म्हणजे महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. महाराष्ट्रातलं, मुंबईतलं नव्हे! लातूर-बीडहून आलेल्याची गावची शाळा आणि रेशन कार्ड यात चालतं; माझ्या ओळखीचे कितीतरी जण "मला मुंबईत पंधरा वर्षं झाली नाहीत" म्हणून अर्जच करत नव्हते. परराज्यातून आलेल्याला मात्र ही पंधरा वर्षं इथल्या कागदांवरच उभी करावी लागतात, आणि नोटरीच्या खोल्यांत राहिलेल्याकडे ते कागद नसतात. वीस वर्षं बांधकामावर राबलेला माणूस म्हाडाच्या दृष्टीने कालच आलेला ठरतो.

नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न मुंबई महानगर प्रदेशात ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम. अर्ज ऑनलाइन, कागद आधीच तपासले जातात. अर्जाचे पैसे परत येत नाहीत, अनामत रक्कम नंबर न लागल्यास परत येते. अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६ टक्के घरं राखीव. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा दिवाळीला गावी गेलात की आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा काढून आणा, सोडत जाहीर झाल्यावर धावपळ नको. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा कोटा नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार दलित मुस्लिम आणि दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत येत नाहीत, बौद्ध १९९० पासून येतात. त्यामुळे माझा मित्र आणि मी एकाच गटात अर्ज करतो, मला राखीव आणि सर्वसाधारण अशा दोन पेट्या मिळतात, त्याला एक.

आशा किती ठेवायची? २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ४,०८२ घरं होती आणि अर्ज एक लाखाहून जास्त. लागलं तरी प्रश्न संपत नाही. तेव्हा गोरेगावचं अत्यल्प गटातलं घर तीस लाखांच्या पुढे होतं. पाच लाख स्वतःचे घातले आणि २५ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेबावीस हजार. पगार २४,०००. बँक फॉर्मही घेत नाही. नंबर लागून घर परत केलेली माणसं मी पाहिली आहेत, पेढे वाटून झाल्यावर. म्हणून अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन तुम्हाला किती कर्ज बसतं ते विचारा आणि त्या आकड्यात बसणाऱ्या योजनेलाच अर्ज टाका, गाव दूर असलं तरी. म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळिंजसारखी न विकलेली घरं प्रथम येणाऱ्यास प्राधान्य पद्धतीनेही निघाली आहेत, तशा योजनेत सोडतीची वाट बघावी लागत नाही. आणि "आतून काम करून देतो" म्हणणारा कुणीही भेटला तर सरळ वाटेला लावा. सोडत संगणकावर होते, म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत.

घर सोडताना

नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर असली तरी चालेल, पण उत्तर येऊ द्या. सामान बाहेर काढल्यावर रिकाम्या खोलीचा, नळांचा आणि मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. शेवटच्या महिन्याचं लाइट बिल भरल्याची पावती मालकाच्या हातात द्या, "रंगाचे दहा हजार कापले" अशी भाषा आली तर कराराचं ते पान उघडा. डिपॉझिट खात्यावर आलं की मगच चावी.

जुना करार मात्र फेकू नका. माझ्या पत्र्याच्या पेटीत सात आहेत. चौथ्यातली इमारत पालिकेने पाडली, पाचव्यातले मालक वारले. पत्त्याचा पुरावा म्हणून ते दोन्ही मी गेल्या वर्षी सेतू केंद्रात दिले, चालले.